उतारवयांतलीं मुळाक्षरें

मे महिन्यांतील यवतमाळची दुपार म्हणजे काय, हें ज्यानें ती सोसली आहे त्यालाच ठाऊक. रस्ते ओस पडतात, कुत्रींसुद्धां नालीच्या ओलाव्याला अंग टाकून पडून राहतात, आणि घरोघरच्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास तेवढा बाहेर येत असतो. अशा एका दुपारीं माझ्या घराच्या पडवींत शेजारच्या काकू हातांत मोबाईल घेऊन बसल्या होत्या. उजव्या हाताची तर्जनी कांचेपासून अर्ध्या इंचावर येऊन थांबली होती. ती पुढेंहि जाईना आणि मागेंहि येईना. शेवटीं माझ्याकडे न पाहतांच त्यांनीं विचारलें, "भाऊ, हे दाबलं तं बिघडन तं नाही ना?"

तीस वर्षें मी महाविद्यालयांत शिकवीत आलों आहें. पण हा प्रश्न मला एकाहि विद्यार्थ्यानें कधीं विचारलेला नाहीं. तरुण माणूस आधीं दाबतो आणि मग, विचारलेंच तर, विचारतो. काकूंच्या प्रश्नाचें मला त्या दिवशीं थोडें हसूंच आलें. "कांहीं बिघडत नाहीं, खुशाल दाबा," असें मीं मोठ्या ऐटींत सांगून टाकलें. तें उत्तर अर्धेंच खरें होतें, हें समजण्यासाठीं मला पुढें रोख मोल द्यावें लागलें.

काकूंनीं सत्तरी ओलांडली आहे. मुलगा-सून पुण्याला, आणि नातू तर या कांचेच्या पलीकडेच वाढतो आहे. मुलानें जातांना मोबाईल आईच्या हातांत ठेवला, दोन मिनिटांत चार गोष्टी सांगितल्या आणि तो गाडींत बसला. खेड्यापाड्यांतील प्रत्येक घरांतल्या एका माणसाला संगणक आणि इंटरनेट शिकविण्याची एक मोठी योजना केंद्र सरकारनें २०१७ सालीं काढली होती. अभ्यासक्रम २० तासांचा होता, आणि २०२४ च्या मार्चअखेर ती योजना संपली. परंतु तिच्यांत वयाची मर्यादा १४ ते ६० अशी होती. शहरांत राहणाऱ्या आणि साठी उलटलेल्या काकू त्या दारांतून दोन्ही अंगांनीं बाहेर राहिल्या. ठाणें जिल्ह्यांत, मुरबाड तालुक्यांत, फांगणे नांवाचें गांव आहे. तेथें २०१६ च्या ८ मार्चला 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली आणि गुलाबी लुगडीं नेसलेल्या आज्या पाटी घेऊन अक्षरें गिरवूं लागल्या. तीं छायाचित्रें पाहून आपण सारे भारावलों. पण ज्यांना अक्षरें उत्तम येतात आणि तरीहि जीं नव्या अर्थानें निरक्षर ठरलीं, अशीं आपल्याच घरांतलीं माणसें आपल्या ध्यानांत आलीं काय? माझ्या तरी आलीं नव्हतीं. काकू आपण होऊन आल्या; दुसऱ्या आठवड्यांत एका सेवानिवृत्त गुरुजींना घेऊन आल्या; आणि सुट्टी संपण्यापूर्वीं पडवींत पांच माणसें जमूं लागलीं. काकू, गुरुजी, आमच्या गल्लींतले म्हातारे शिंपी, कळंबकडचे एक कापूस पिकविणारे शेतकरी आणि माझ्या पत्नीच्या थोरल्या भगिनी.

शिकविण्यांत जन्म घालवूनहि पहिल्या आठवड्यांत मी एक चूक रोज करीत होतों. कोणाचें अडलें कीं त्याच्या हातांतून मोबाईल घ्यायचा, भराभर चार ठिकाणीं बोट फिरवायचें आणि "हें पहा, झालें," म्हणून परत द्यायचा. समोरचा माणूस कृतज्ञतेनें मान हलवी, आणि दुसऱ्या दिवशीं तेथेंच अडे. मग एकदां मला माझेच दिवस आठवले. १९९५ च्या १५ ऑगस्टला मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांना मिळूं लागलें. आमच्या गांवीं तें पोंचायला आणखी कांहीं वर्षें गेलीं. तेव्हां सायबर कॅफेंतल्या एका मिसरूड न फुटलेल्या पोरानें माझ्या हातांतला माउस असाच काढून घेतला होता, आणि बी. ए. च्या वर्गाला शेक्सपिअर शिकविणारा मी खुर्चींत चोरासारखा बसून राहिलों होतों. तें आठवल्यापासून पडवींत नियम झाला, कीं शिकविणारानें हात पाठीमागें बांधून बसावें. वेळ लागला तरी चालेल, बोट ज्याचें त्याचेंच फिरलें पाहिजे.

परंतु तें बोट फिरेना, हीच तर अडचण होती. तें कां थांबतें याचा मी विचार करूं लागलों तेव्हां मला दिसलें, कीं त्यांत मंदबुद्धीचा लवलेश नाहीं. ज्या घरांत रेडिओवर विणलेलें आच्छादन असे, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली फक्त वडिलांनीं द्यावयाची असे, आणि ट्रंक कॉलवर बोलतांना मिनिटें मोजावीं लागत, त्या घरांत वस्तूला न विचारतां हात लावणें हा अपराध होता. वस्तु बिघडली तर ती दुरुस्त होईपर्यंत घरच्या दोन गरजा पुढें ढकलाव्या लागत. काकूंच्या बोटांतला तो कंप म्हणजे सबंध एका पिढीची काटकसर होती.

तो घालविण्यासाठीं मीं त्यांना एक खरी हकीकत सांगितली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून एका विद्यार्थ्यानें शेंकडों मैलांवरच्या दुसऱ्या संगणकाला पहिला संदेश पाठवावयास घेतला. शब्द होता 'लॉगिन'. त्यांतलें 'एल' गेलें, 'ओ' गेलें आणि यंत्रणा बंद पडली. तासाभरानें ती सावरली आणि मग सगळा शब्द गेला. आज साऱ्या पृथ्वीला वेढून राहिलेल्या या जाळ्याचा श्रीगणेशा असा दोन अक्षरांवर अडखळला होता. "म्हंजे पह्यल्या दिवशी त्यायचंबी बिघडलंच म्हणा ना!" असें म्हणून आमचे शेतकरी मोठ्यानें हंसले, आणि त्या हंसण्यानें जें काम केलें तें माझ्या चार व्याख्यानांनीं झालें नसतें.

गंमत अशी कीं, त्याच महिन्यांत, नऊच दिवस आधीं, २० ऑक्टोबरला, आमच्या अकोल्याला कृषि विद्यापीठ स्थापन झालें होतें. या दोन घटनांचा परस्परांशीं काडीचाहि संबंध नव्हता. पण शेतकऱ्यांनीं पहिल्यांदा शोधून काढलें तें त्या विद्यापीठाचेंच पान. त्यापूर्वीं ते कोणाचा तरी एक व्हिडिओ घेऊन आले होते. त्यांत एक हंसतमुख गृहस्थ तीन औषधें एकत्र करून कपाशीवर फवारावयास सांगत होते. २०१७ च्या पावसाळ्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यांतले कित्येक शेतकरी आणि शेतमजूर प्राणांस मुकले. तेव्हांपासून फवारणी हा आमच्याकडे हलक्या गप्पांचा विषय राहिलेला नाहीं. मीं एवढेंच विचारलें, "हे गृहस्थ कोण? हें केव्हांचें? आणि ते कांहीं विकतात काय?" त्यांनीं व्हिडिओ पुन्हां पाहिला. नांव नव्हतें, तारीख नव्हती. दुकानाचा क्रमांक मात्र शेवटीं ठळक अक्षरांत होता. हे तीन प्रश्न पुढें आमच्या पडवीचीं मुळाक्षरें झालीं.

गुरुजींना तीं सर्वांत उशिरां पटलीं. रोज पहांटे उठून आलेला प्रत्येक निरोप शंभर जणांना पाठविणें हें त्यांच्या मतें लोकशिक्षण होतें. जन्मभर ज्यानें छापील शब्दावर विश्वास ठेवला, त्याला दिसणारें अक्षर खोटें असूं शकतें हें कसें पटावें? एके दिवशीं, मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याचा एक निरोप त्यांनीं सर्वांना वाचून दाखविला. तेव्हां मला धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्याची गोष्ट सांगावी लागली. १ जुलै २०१८ रोजीं, असल्याच निरोपांवर विश्वास ठेवून, तेथील जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना ठेचून मारलें. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. पोटासाठीं गांवोगांव फिरत तेथें आले होते. त्याच महिन्यांत, एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें ढकलतां येऊं नये, असें बंधन भारतांत घालण्याचें व्हॉट्सॲपनें जाहीर केलें. मारणारांपैकीं कोणी तो निरोप रचला नव्हता, आणि ज्या हजारोंनीं तो पुढें पाठविला त्यांनीं कोणाला बोटहि लावलें नव्हतें. फक्त एक बोट कांचेला लावलें होतें. गुरुजी बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं तो निरोप पुसून टाकला आणि चष्मा पुसूं लागले.

पैशाचा धडा काकूंनींच सोपा करून टाकला. मी सांगत होतों, कीं पैसे द्यावयाचे असतील तरच पिन घालावी लागते. घ्यावयाला पिनहि लागत नाहीं आणि चौकटीचें चित्रहि टिपावें लागत नाहीं. जो कोणी "पैसे पाठवितों, पिन घाला," म्हणेल तो लुटारू समजावा. काकू म्हणाल्या, "बरोबर हाय. कोणी वानोळा आनून दिला तं आपन डबा पुढं करतो. घराची किल्ली कायले द्यायची?" याहून चांगली व्याख्या मला कोणत्याहि पुस्तकांत आढळलेली नाहीं.

असा माझा वर्ग रंगला असतांनाच तो प्रकार घडला. एका संध्याकाळीं मला निरोप आला, कीं गेल्या महिन्याचें वीजबिल भरल्याची नोंद नाहीं. रात्रीं साडेनऊला वीज तोडण्यांत येईल. खालील क्रमांकावर बोलावें. घरांत पाहुणे होते, उकाडा होता. मीं क्रमांक लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनें बोलला. त्यानें एक लहानसें ॲप घ्यावयास लावलें, नोंदीसाठीं दहा रुपये भरावयास सांगितले, आणि मी तें सारें सफाईनें, एकदांहि बोट न थांबवितां, केलें. पंधरा मिनिटांत माझ्या खात्यांतून १८,००० रुपये गेले होते.

आतां खरी लज्जास्पद गोष्ट सांगतों. पैसे गेले त्याहून मला भीति वाटली ती पडवींतल्या पांच माणसांची. मीं पत्नीला दुसऱ्या दिवशीं सांगितलें, बँकेला तिच्या आग्रहावरून तिसऱ्या दिवशीं कळविलें, आणि वर्गाला सांगितलेंच नाहीं. सायबर फसवणुकीची तक्रार करण्यासाठीं १९३० हा क्रमांक आहे. पहिल्या कांहीं तासांत कळविलें तर चोराच्या खात्यांतून पुढें सरकण्यापूर्वीं पैसे अडविण्याची आशा असते. हें मीच त्यांच्याकडून घोकून घेतलें होतें. तो क्रमांक मला पाठ होता. लाजेनें मीं तो लावला नाहीं.

दोन महिने मी तोंड मिटून शिकवीत राहिलों. मग एके दिवशीं शिंप्यांनीं अगदीं सहज विचारलें, "सर, शिकलेला मानूस तं कधी फसत नसन ना?" मीं होय म्हटलें असतें तर प्रकरण मिटलें असतें. माझ्या तोंडून सारी हकीकत बाहेर पडली. कोणी हंसलें नाहीं. थोड्या वेळानें शिंपी खालीं पाहत म्हणाले, कीं वर्षामागें त्यांचेहि सात हजार गेले होते. मुलाला कळलें तर तो मोबाईल काढून घेईल, म्हणून त्यांनीं तें आजवर कोणालाहि सांगितलें नव्हतें.

त्या दुपारीं मला कळलें, कीं चोराचा खरा साथीदार आपल्या घरांतच असतो. तो म्हणजे आपली लाज. आपण चिडून "तुम्हांला एवढेंहि कळत नाहीं!" असें वडिलधाऱ्यांना म्हणतों, तेव्हां त्याचें काम आपणच करीत असतों. ज्या घरांत चूक कबूल करतां येते त्या घरांतल्या माणसाचे कदाचित् पैसे वाचतील. ज्या घरांत ती कबूल करतां येत नाहीं तेथें पैसेहि जातात आणि पैसे गेलेला माणूसहि आंतल्या आंत खचत जातो. इंटरनेट शिकविणें म्हणजे काय काय दाबावें हें शिकविणें, असें मला वाटत होतें. "माझें चुकलें" हें वाक्य कोणापाशीं तरी निर्धास्तपणें बोलतां यावें, अशी जागा करून देणें, हा त्याचा पहिला धडा आहे. आणि तो शिकविणारानें आधीं स्वतः गिरविला पाहिजे.

आणि काकूंचें तें थांबलेलें बोट? तें चालूं लागावें म्हणून मीं एवढी खटपट केली. पण त्यांतलें काय घालवावयाचें आणि काय ठेवावयाचें हें मला उशिरां उमगलें. त्यांतली भीति तेवढी जायला हवी होती. थांबणें राहावयास हवें होतें.

गेल्या दिवाळीच्या सुमारास रात्रीं नऊ वाजतां काकूंचा फोन आला. कोणी तरी स्वतःला पोलीस म्हणविणारा माणूस त्यांना धमकावीत होता, कीं तुमच्या नांवावर गुन्हा आहे, तुम्हांला 'डिजिटल अटक' झाली आहे, पडद्यासमोरून हलूं नका. असली अटक कायद्यांत कोठेंहि नाहीं, हें मी घाईघाईनें सांगूं लागलों. काकूंनीं मला मध्येंच थांबविलें. "मी कवाच बंद केला जी फोन. म्हटलं, खरा पोलीस असन तं घरी येईन, त्याले चहा पाजू. तुम्हाले याच्यासाठी फोन केला, का तुमाले आला तं उचलजा नोका!"

हल्लीं कोणताहि अनोळखी निरोप आला कीं माझी तर्जनी कांचेपासून अर्ध्या इंचावर थांबते. पत्नी विचारते, "काय झालें?" मी म्हणतों, "कांहीं नाहीं. काकूंनीं शिकविलें आहे."