आले हं, आजी!

दिवाळीच्या सुटीत मी आदिलाबादला घरी गेले होते. कापसाचा हंगाम, कापूस विकून शेतकरी बाबांच्या किराणा दुकानातली उधारी चुकवायला येत होते. मी वाणिज्य शाखेची, म्हणून खतावणी माझ्या गळ्यात पडली.

एका संध्याकाळी आतून आजीची हाक आली. “आले हं, आजी! एवढी बेरीज होऊ दे,” मी म्हणाले. बेरीज जुळली, पण तोवर आजी स्वतःच पाण्यासाठी उठली आणि पडली. हात मोडला.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या चुलतभावाजवळ मी मन मोकळे केले. तो म्हणाला, “संगणकाचेही असेच होते. साधी कार्यप्रणाली एकूण काम किती उरकले ते पाहते. ताळेबंद दोन सेकंद उशिरा निघाला तर बिघडत नाही. पण कारखान्यातले यंत्र चालवणाऱ्या संगणकाला ठरल्या क्षणी उत्तर द्यावेच लागते. तिथे उशिरा आलेले बरोबर उत्तरही चूकच! त्यासाठी ‘रिअल टाइम’ प्रणाली लागते. रिअल टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर.”

मग एकाच यंत्रावर दोघींनी नांदायचे कसे? १९९० च्या दशकात अमेरिकेतील न्यू मेक्सिको टेक या संस्थेत व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी ‘आरटीलिनक्स’ घडवले. तळाशी एक छोटासा गाभा, आणि अख्खे लिनक्स म्हणजे त्याचे सर्वांत शेवटच्या अग्रक्रमाचे काम! “आता मला हाक मारू नका,” असे लिनक्सने म्हटले, तर त्याच्यापुरत्या हाका थोपवल्या जातात. गाभा मात्र त्या ऐकतच असतो. तातडीचे काम सरले की उरलेला सारा वेळ लिनक्सचा. दुसरी वाट लिनक्सलाच वेळेचे भान शिकवण्याची. ‘प्रीएम्प्ट-आरटी’ नावाचे ते काम वर्षानुवर्षे चालले आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ लिनक्समध्ये सामावले.

ऐकताना मला आमचे घर दिसत होते. तातडीचे काम बहुधा लहानच असते, तांब्याभर पाणी! ते आधी केल्याने मोठ्या कामाचे फारसे अडत नाही. बेरीज कुठे पळून जाणार होती?

आजीचा हात आता बरा आहे. तिला मी यातले काहीच सांगितले नाही. मात्र हाक आली की मी चालू आकड्याशी पेन्सिलीची खूण करते आणि उठते. परत आल्यावर बेरीज तिथूनच पुढे सुरू होते.