दोन नावांचे मूल

हिब्रू पवित्रग्रंथात नाव ही केवळ हाक मारण्याची सोय नसते. जन्मक्षणीचे ते एक विधान असते. इसहाक या नावात हसणे आहे, कारण उतारवयातील पुत्रलाभाचे भाकीत ऐकून त्याचे आईबाप हसले होते. अशा सगळ्याच व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत. परंतु कथनकाराला धातूपेक्षा ध्वनीतून जागा होणारा अर्थ महत्त्वाचा वाटतो. यास्काचे निरुक्त वाचलेल्यांना ही रीत परकी वाटू नये.

या दृष्टीने उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायातील प्रसंग विलक्षण आहे. राहेलला दीर्घकाळ मूल नव्हते. मुले न लाभली तर आपण मरू, असे ती पतीला म्हणाली होती. पहिल्या मुलाचे नाव तिने योसेफ ठेवले. ‘आणखी एक मिळो’ ही प्रार्थनाच त्या नावात होती. ती फळाला आली आणि त्याच प्रसूतीत, एफ्राथाच्या वाटेवर, राहेलचा अंत झाला. प्राण जाता जाता तिने बाळाला नाव दिले बेनओनी, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’. बापाने मात्र त्याला बन्यामीन म्हटले, ‘उजव्या हाताचा पुत्र’.

मरणाऱ्या आईचा शेवटचा शब्द असा बाजूला सारणे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते. इतर मुलांची नावे बहुतांशी राहेल आणि लेआ यांनीच ठेवली होती. तेथे याकोबाने अवाक्षर काढले नव्हते. मग येथेच का? उत्तर त्याच्या स्वतःच्या नावात सापडते. जुळ्या भावाची टाच धरून जन्मला म्हणून तो याकोब. पुढे फसवल्या गेलेल्या एसावाने त्याच नावाचा आरोप केला: हा नावाप्रमाणेच निघाला, दोनदा आपल्याला ठकवले. आंधळ्या बापापुढे याकोबाने भावाचे नाव सांगितले होते. यब्बोकच्या उतारावर, रात्रभराच्या झुंजीनंतर, त्याला स्वतःचे नाव उच्चारावे लागले, तेव्हाच त्याला ‘इस्राएल’ हे नवे नाव लाभले. जन्मवेळचे नाव माणसाला किती वर्षे वाहावे लागते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आईचे मरण लेकराने जन्मभर हाकेगणिक ऐकू नये, एवढेच त्याला वाटले असावे.

कोकणातील बेने इस्राएल समाजात हेच नाव बन्नाजी झाले. हाक मारणाऱ्यांना त्यातला उजवा हात क्वचितच जाणवला असेल. त्यामागचे दुःख तर नाहीच.

कथनकाराने मात्र ते पुसलेले नाही. एकाच वचनात त्याने दोन्ही नावे शेजारी ठेवली आहेत. कबरीवर स्तंभ उभारणाऱ्याला तो याकोब म्हणतो. लगेच पुढच्या वचनात वाटेला लागणाऱ्याला इस्राएल. शोक जुन्या नावाने झाला, प्रवास नव्या नावाने.