काळ्या पाषाणाचें वय

एकत्र कुटुंबांत मुलाच्या एका प्रश्नास पांच उत्तरें मिळतात, आणि बहुधा त्यांतील सर्वांत गोड उत्तर टिकतें. माझ्या पुतण्यानें चित्रांतील स्टेगोसॉरस पाहून विचारलें, "काका, याचीं हाडें आपल्या शेतांत सांपडतील?" आजीनें राक्षसांच्या हाडांची गोष्ट सांगितली, आणि तो खुरपें घेऊन बांध उकरूं लागला. त्याची हौस न मोडतां खरें कसें सांगावें, ही माझ्यापुढें अडचण होती.

प्राणी खरोखरच मन वेधणारा. 20 फुटांहून अधिक लांब, निव्वळ शाकाहारी. पाठीवर ढालींसारख्या उभ्या हाडांच्या दोन रांगा, शेपटीस चार सुळे, आणि मेंदू मात्र मुठींत मावेल एवढा! 1877 सालीं अमेरिकेंत प्रोफेसर मार्श यांनीं त्याचें नामकरण केलें. त्या ढाली कौलांप्रमाणें पाठीवर आडव्या असाव्यात, अशा समजुतीनें त्यांनीं त्यास 'छपराचा सरडा' या अर्थाचें नांव दिलें. पुढें समजूत बदलली, नांव राहिलें.

हा प्राणी सुमारें 15 कोटी वर्षांपूर्वींचा. आमच्या बीड जिल्ह्याचा काळा पाषाण मात्र सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचा. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यांत या पाषाणाचे हत्ती आहेत. पण ते टांकीनें घडविलेले. ज्या दगडाचा जन्मच त्या प्राण्यामागून, आणि तोही अग्नींतून झाला, त्याच्या पोटांत त्याचीं हाडें कोठून येणार?

एवढ्यावर थांबलों असतों, तर मूल हिरमुसलें असतें. परंतु राक्षसभुवनावरून वाहणारी गोदावरी साह्यास आली. ती नांदेडवरून तेलंगणांत जाते, आणि सिरोंच्याजवळ तीस प्राणहिता मिळते. त्या खोऱ्यांत लाव्ह्याहून फार जुने, पाण्यांत सांचलेले खडक उघडे आहेत. तेथें तेलंगणाच्या बाजूस जुरासिक काळांतील एका महाकाय शाकाहारी प्राण्याचीं सुमारें 300 हाडें निघालीं. बहुतेक 1960 व 1961 सालीं. 1961 हें रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचें वर्ष. म्हणून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनीं 1975 सालीं त्यास 'बारापासॉरस टागोराय' हें नांव दिलें. 'बारापा' म्हणजे बंगालींत मोठा पाय. मांडीचें हाडच पांच फुटांहून लांब! त्याच्या पाठीवर ढाली नव्हत्या. तरी आपल्याच नदीच्या खोऱ्यांतला म्हणून मुलास तो अधिक जवळचा वाटला.

'येथें नाहीं' या उत्तरास 'कां नाहीं' आणि 'मग कोठें' हीं दोन उत्तरें जोडलीं, म्हणजे तो नकार राहत नाहीं. आजीच्या गोष्टी घरांत हव्यातच. परंतु मूल खरोखर शोधूं लागलें, कीं त्यास दगडाचें वय सांगणारेंही कोणी घरांत असावें.