रेडिएटरचे झाकण

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे 'उत्कलनबिंदू' म्हणताना तोंडात आधी 'क्वथनांक'च येतो. एका शनिवारी नववीच्या वर्गात पाण्याचा उत्कलनबिंदू 100 अंश असे सांगितले, तर एका मुलाने विचारले, "सर, कुकरमध्येसुद्धा?" तास संपत आला होता. "अभ्यासक्रमात नाही, खाली बस," म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी आमची 1999 सालची गाडी भेरूघाट चढताना तापली. दोनदा थांबत कशीबशी घरी आणली आणि इंजिन गार होण्याआधीच रेडिएटरचे झाकण फिरवले. वाफेने मनगट भाजले. सौभाग्यवती काय म्हणाल्या, ते येथे छापण्याजोगे नाही!

संध्याकाळी सगळे थंड झाल्यावर पुन्हा बसलो. पंखा ठीक, नळ्या ठीक. झाकणाचे रबर मात्र कडक होऊन चिरले होते. झाकणावर 0.9 असा आकडा. म्हणजे बाहेरच्या हवेवर आणखी जवळजवळ तेवढाच दाब हे झाकण आत धरून ठेवते, आणि मग पाणी साधारण 117-118 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला, की इंदूरच्या उंचीवर ते शंभराच्याही थोडे आधीच उकळून उतू जाते. कुकरच तो! नवे झाकण बसवले, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. गाडी आता घाट चढते.

सोमवारी हाताला पट्टी बांधून नववीत गेलो. जुने झाकण त्या मुलाच्या हातात दिले आणि म्हणालो, "शनिवारचा प्रश्न पुन्हा विचार."