बांबूवर चढलेली माणसं

२७ ऑगस्ट २०२३, उत्तर कोलकाता

हातिबागानजवळच्या एका गल्लीत दुर्गापूजेच्या मांडवाचं काम सुरू झालंय. खुंटीपूजा, म्हणजे पहिल्या खांबाची पूजा, रथयात्रेलाच झाली होती. बांबूंचा ट्रक मात्र आता आला. हेडमिस्त्री पूर्व मेदिनीपूरमधल्या कांथीकडचा. एकेक बांबू उचलतो, जमिनीवर आपटतो, कान देतो. चिरलेल्या बांबूचा आवाज फुटका येतो. तो लगेच बाजूला. जाड, सरळ बांबू उभ्या खांबांना आणि बारीक, लवचीक असेल तो कमानींना. निवड चालू असताना कुणी त्याच्याशी बोलत नाही.

३ सप्टेंबर

आज फक्त गाठी पाहत बसलो.

सांगाड्यात खिळा नाही. बांबू पोकळ असतो आणि त्याचे धागे लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे खिळा ठोकला की तो उभा चिरत जातो. म्हणून सगळी भिस्त दोरावर. उभा आणि आडवा बांबू जिथं भेटतात तिथं आधी दोराचे वेढे, मग दोन बांबूंच्या फटीतून त्याच वेढ्यांना आडवा पीळ देऊन करकचून आवळणी. खरी ताकद या आवळणीत आहे. गाठ शक्यतो पेराला लागून घेतात, म्हणजे दोर घसरू लागला तर पेराचा उंचवटा त्याला अडवतो. चौकटीत तिरका बांबू पडला की कालपर्यंत डुलणारी भिंत एकदम गप्प उभी राहते.

बांधणारा मुलगा तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. एक पाय आडव्यावर, दुसऱ्याचा विळखा खांबाला, दोन्ही हात मोकळे. खालून दोराचं भेंडोळं फेकलं जातं, तो हवेतच झेलतो. कमरेला पट्टा नाही. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, “सवय आहे, दादा.” मला हे उत्तर पटलं नाही.

१९ सप्टेंबर

आज आपल्याकडे गणपती बसले. घरी फोन केला, मागे ढोल वाजत होते. गिरगाव-लालबागचे मांडव आठवले. तिथंही बांबू-बल्ल्या चढवणारी माणसं महिना महिना राबतात. मूर्तिकाराचं नाव आपण आदराने घेतो, नेपथ्यकाराचंही आताशा घेतो. मांडववाला हिशेबाच्या वहीत असतो, पाटीवर नसतो.

३० सप्टेंबर

सांगाडा पूर्ण झाला. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून म्हाताऱ्या बायका, शाळेतून परतणारी मुलं, रिक्षावाले, सगळे वर बघत उभे. ऊन आडवं आलं की समोरच्या भिंतीवर रेषांचं जाळं पडतं. माझ्या मते शिल्प हेच, आणि गेले काही आठवडे बांधणीचा जो खेळ रस्त्यावर चालला होता तोच खरा प्रयोग. तिकीट नाही, पडदा नाही.

रचना कला महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुण कलावंताची. त्याच्या कागदी नमुन्यात घुमट हवेत तरंगतो. तो भार जमिनीपर्यंत कुठून न्यायचा हे मिस्त्रीने ठरवलं, मधे चार खांब वाढवले. कलावंताने वाद न घालता नकाशा बदलला. दोघांचं हे एकमेकांना ओळखणं मला फार आवडलं.

१४ ऑक्टोबर, महालया

कापड चढलं. एकही गाठ आता दिसत नाही.

कोपऱ्यावर युनेस्कोचे आभार मानणारा फलक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कोलकात्याची दुर्गापूजा अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासानुसार २०१९ च्या पूजेभोवतीच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपयांची होती. एवढ्या पैशात उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाला एक पट्टा येऊ नये?

२२ ऑक्टोबर, अष्टमी

ढाक या ढोलाचा नाद, धुनुची या धूपदाणीचा धूर, मध्यरात्रीही मुंगीला वाट नाही. लोक घुमटाखाली येतात, मान वर करतात आणि थबकतात. प्रवेशद्वारावर कलावंताचं नाव आहे, प्रकाशयोजनाकाराचं आहे, प्रायोजकांची तर रांग आहे. बांधणाऱ्यांचं नाही. ती माणसं पंचमीलाच गावी गेली, आपला मांडव त्यांनी उजळलेला पाहिलाच नाही.

२७ ऑक्टोबर

सोडणी सुरू. जे शेवटी बांधलं ते आधी सुटतं. गाठी कापतात, बांबू जपून खाली घेतात, कारण ते भाड्याचे आहेत आणि १२ नोव्हेंबरच्या कालीपूजेला दुसरीकडे उभे राहायचे आहेत.

आपल्याकडच्या मंडळांना एक विनंती. पुढच्या वर्षी मांडव घालाल तेव्हा वर चढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला पट्टा द्या, आणि प्रवेशद्वारावरच्या पाटीवर त्यांची नावं लिहा, मूर्तिकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत.