पापनाशम आणि घोड्यांचा सौदागर

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सुमारे पंचवीस किलोमीटरांवर पापनाशम लागते. वाचकांपैकी कोणी दक्षिणेच्या यात्रेस निघणार असतील, तर एक सूचना आरंभीच करून ठेवतो. तमिळनाडूत पापनाशम या नावाची गावे दोन आहेत. ताम्रपर्णीच्या काठचे, धबधब्याजवळचे पापनाशम तिरुनेलवेलीच्या बाजूस आहे. आपणांस जावयाचे आहे ते कावेरीच्या खोऱ्यातले, तंजावर जिल्ह्यातले.

गाव तसे लहानच. कावेरीची कुडमुरुट्टी नावाची शाखा जवळून वाहते आणि दोन्ही अंगांस दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची खाचरे पसरलेली आहेत. रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ शिवलिंगे आहेत. खर-दूषणांच्या वधाचा दोष फेडण्यासाठी श्रीरामाने येथे शिवपूजा केली, अशी स्थलकथा आहे. गावाचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. येथून जवळच तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथाचे देऊळ आहे. त्याच्या आवारात नायक राजांच्या काळी, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले विटांचे धान्यकोठार उभे आहे. गोल बांधणीचे, वर निमुळते होत गेलेले हे कोठार तीन हजार कलम धान्य पोटात घेई. आपल्याकडील कणगी शंभरपट वाढवून विटांत बांधावी, तसे ते दिसते.

या कोठारापुढे उभे राहिले असता एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. या भूमीने भात पिकविला, ऊस पिकविला, केळी पिकविली; परंतु घोडा काही तिला पिकविता आला नाही. घोड्याला कोरडी, कठीण जमीन आणि मोकळे कुरण हवे. येथे वर्षातले कित्येक महिने पायाखाली चिखल आणि अंगाभोवती दमट उष्मा. त्यामुळे राजा चोळ असो, नायक असो की आपला भोसले असो, त्याचा घोडा नेहमी बाहेरून आला. कावेरी जेथे समुद्रास मिळते त्या पुहार बंदरात समुद्रमार्गे घोडे उतरत, असा उल्लेख ‘पट्टिनप्पालै’ या प्राचीन तमिळ काव्यात आहे. पुढील काळच्या शिलालेखांत ‘कुदिरैच्चेट्टी’, म्हणजे घोड्यांचे व्यापारी, भेटतात. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य तेथे नांदले. घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या या मंडळींनाही येथे आल्यावर घोडा विकतच घ्यावा लागे.

आणि जेथे घोडा निपजत नाही, तेथे घोडा ओळखणारी दृष्टीही सहजासहजी निपजत नाही. देशावरच्या धनगराचे पोर शिंगरू पाहून त्याचे पुढे काय होईल ते सांगेल. भातखाचरातल्या शेतकऱ्याला ते कसे सांगता यावे? अशा माणसाने घोड्याआधी सौदागर पारखावयाचा असतो. वाचकहो, आज आपणही बहुतेक याच भातखाचरात उभे आहोत. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेत जाऊन वरातीसाठी घोडी घेणारा तरुण, माथेरानला प्रवाशांसाठी घोडा ठेवू पाहणारा कुटुंबप्रमुख, यांच्या घरची चूल त्या एका जनावरावर पेटावयाची असते. घोडा लंगडा निघाला तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि चारा-हरभऱ्याचा खर्चही थांबत नाही. तेव्हा या मुलखाने सौदागरांकडून जे शिकून घेतले, ते ऐकून ठेवण्यासारखे आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या किनाऱ्यावर आला. येथील राजे दर वर्षी हजारोंनी घोडे घेतात आणि वर्षअखेरीस त्यांतले शंभरही जिवंत राहत नाहीत, असे तो लिहितो. घोड्यांना येथे मांस घातलेला भात शिजवून चारीत, हेही त्याने नोंदविले आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. होर्मुझ, कैस, एडन येथील व्यापारी नालबंदांना व घोड्यांची निगा जाणणाऱ्यांना या देशी येऊच देत नसत, असे तो सांगतो. घोडे मेले पाहिजेत. मेले म्हणजे पुढील वर्षी पुन्हा विकता येतात!

त्याच सुमाराचा इराणी इतिहासकार वस्साफ याने तर कराराची कलमेच दिली आहेत. घोड्यास दोनशे वीस सुवर्ण दिनार भाव, आणि वाटेत घोडा मेला तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून द्यावयाची. विकणारा होता कैस बेटाचा सत्ताधीश जमालुद्दीन. आणि पांड्य राजाच्या पदरी मंत्री होता तकीउद्दीन, त्याचाच भाऊ. विक्रेत्याचा भाऊ खरीददाराचा सल्लागार! आजच्या बाजारात हाच भाऊ दलालाच्या रूपाने भेटतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात पुष्कळांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतच्या बंदरात हीच रीत पाहून वर्थेमा या इटालियन प्रवाशाने तिचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. रीत वाईट नव्हे. पण रुमालाखालच्या हातांपैकी एक हात आपला आहे असे समजण्यापूर्वी दलाली कोण देणार, एक बाजू की दोन्ही, हे उघड्यावर विचारून घ्यावे.

विजयनगरच्या साळुव नरसिंहाविषयी पोर्तुगीज व्यापारी नुनीझ याने लिहिलेली हकीकत याहून विलक्षण आहे. घोडे यावेत म्हणून राजा एवढा उत्सुक होता की, मेलेले असोत वा जिवंत, तीन घोड्यांस हजार परदाव तो मोजी. जो घोडा समुद्रात मेला, त्याचे नुसते शेपूट आणून दाखविले तरी पैसे मिळत.

ते शेपूट डोळ्यांपुढे ठेवा. हे व्यापारी स्वभावाने दुष्ट होते असे मला म्हणावयाचे नाही. घोडा मेला तरी त्यांचे काही बुडत नव्हते, एवढीच गोष्ट. सौदागराची पारख करावयास निघालेला माणूस सहसा त्याचा चेहरा पाहतो, बोलणे ऐकतो, चहाचा आग्रह मनावर घेतो. या मुलखाचा अनुभव वेगळे सांगतो. घोडा वाईट निघाल्यास तोटा कोणाच्या माथी बसणार, हे आधी पाहावे. तोट्याचा काही भाग स्वतःकडे ठेवावयास जो तयार असतो, त्याच्या शब्दाला वजन असते.

दक्षिणेतील सर्वांत प्रसिद्ध घोड्यांचा सौदागर मात्र साक्षात शंकर होय. अरिमर्दन पांड्याने आपल्या प्रधानास, पुढे माणिक्कवाचकर म्हणून पूजिल्या गेलेल्या संतास, द्रव्य देऊन घोडे आणावयास पूर्व किनाऱ्याकडे पाठविले. वाटेत तिरुप्पेरुन्तुरै येथे त्यांस गुरूची भेट झाली आणि घोड्यांचे सारे द्रव्य त्यांनी देवळावर खर्च केले. हेच आजचे आवुडैयारकोविल, पुदुक्कोट्टै जिल्ह्यात, पापनाशमच्या दक्षिणेस. राजाने जाब विचारला तेव्हा भक्ताच्या रक्षणासाठी शंकराने रानातल्या कोल्ह्यांचे घोडे केले आणि स्वतः सौदागर होऊन तो मदुरैत आला. राजाने घोडे पाहिले, जाणकारांनी वाखाणले, दोर राजाच्या हाती गेला. राजाने प्रसन्न होऊन दिलेले वस्त्र त्या सौदागराने चाबकाच्या टोकावर घेतले. रात्री पागेतले ते सगळे घोडे पुन्हा कोल्हे झाले, जुन्या घोड्यांना चावले आणि पळून गेले. मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात आवणी महिन्याच्या उत्सवात ही लीला दर वर्षी साजरी होते.

भाषांतराचे काम करणाऱ्याला येथे हात टेकावे लागतात. तमिळमध्ये कोल्हा म्हणजे ‘नरि’ आणि घोडा म्हणजे ‘परि’. एका अक्षराच्या फेराने जनावर बदलते. मराठीत कोल्हा आणि घोडा यांचे असे काही जुळत नाही.

भक्तांनी ही कथा भक्तीने ऐकावी. परंतु घोडा घेणाऱ्याने त्यातली वेळ ध्यानात घ्यावी. दिवसाउजेडी सर्वांनी तपासलेले जनावर रात्री निराळे निघाले. आजच्या बाजारातही तसेच घडते आणि त्याला चमत्कार लागत नाही. लंगड्या घोड्याला वेदनाशामक औषध टोचले की तो दिवसभर सरळ चालतो. एकदोन दिवसांनी औषध उतरते आणि पाय पुन्हा उचलू लागतो. द्वाड घोडा गुंगीच्या औषधाने गाईसारखा उभा राहतो. म्हणूनच याज्ञवल्क्यस्मृतीने निरनिराळ्या मालास परीक्षेची मुदत ठरवून दिली आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच. पाच दिवसांत कोल्हा पुष्कळदा प्रकट होतो.

तेव्हा सौदागरापाशी प्रथम हे पाच दिवस मागून पाहावे. अनोळखी माणसाच्या हाती तो जनावर देणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. पण इसार घेऊन घोडा त्याच्याच दावणीला ठेवावा, तुम्ही रोज अवेळी येऊन पाहावे, याला तरी त्याची हरकत नसावी. ‘संध्याकाळपर्यंत दुसरे गिऱ्हाईक नेईल’ असे उत्तर आले तर खुशाल नेऊ द्यावे. सकाळी घोडा फिरवून गरम करण्याआधी, ठाणावरच पाहावा. पहिली वीस पावले पुष्कळ सांगतात. दोर सैल सोडून कठीण जमिनीवर दुडका चालवावयास सांगावे. पाय उचलू देतो का, पाणी पितो का, गाडीत चढतो का, हे पाहावे.

याहून महत्त्वाचा आहे तो एक प्रश्न : ‘याच्यात खोड काय?’ बिनखोडीचा घोडा जगात नाही, हे सौदागराला ठाऊक असते. ‘डाव्या बाजूने चढू देत नाही,’ ‘फटाक्याला बुजतो,’ असे जो स्वतः सांगतो, त्याच्यापाशी पुढे बोलावे. मग घोडा कोणाकडून घेतला ते विचारावे आणि त्या मालकाशी बोलावे. कौटिल्याच्या अश्वाध्यक्षाला प्रत्येक घोड्याची नोंद करताना वय, रंग आणि खुणा यांबरोबर तो कोठून आला हेही लिहावे लागे. भेटीत, खरेदीत, युद्धात की पागेतच जन्मलेला. मागचा मालक सांगताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्या घोड्याच्या वयावरही विश्वास ठेवू नये. दात पाहून सात-आठ वर्षांपर्यंतचे वय बरेचसे कळते, पुढे तो अंदाजच असतो. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खळगे कोरून ते डागून काळे करण्याची लबाडीही जुनीच आहे.

पशुवैद्य आपला न्यावा, सौदागराने सुचविलेला नको. रक्ताची तपासणी टाळू नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. रोग ठरल्यास घोड्यास कायद्याने मारावेच लागते. या तपासण्यांचे देशातील प्रमुख स्थान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र होय. रक्त काढू देण्यास नाराज होणारा सौदागर भेटला की त्या दिवशीची खरेदी संपली असे समजून चहा प्यावा आणि निघावे.

सौदा ठरला तर कागद करावा. घोड्याचा रंग, खुणा, वय, किंमत आणि तो कशासाठी घेत आहोत हे त्यात येऊ द्यावे. ‘वरातीसाठी, वाजंत्रीत उभा राहणारा’ हे चार शब्द क्षुल्लक नाहीत. १९३० च्या मालविक्री अधिनियमात सामान्यतः खरीददारानेच सावध असावयाचे आहे. पण त्याने आपले प्रयोजन सांगून त्याच मालाच्या व्यापाऱ्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर व्यापाऱ्यावरही जबाबदारी येते.

राहता राहिला भोवऱ्यांचा प्रश्न. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाचे म्हणून प्रसिद्ध असलेले अश्वशास्त्र १९५२ साली सचित्र छापले आहे. पापनाशमहून तंजावरास परतताना तेथे अवश्य थांबावे. घोड्याच्या अंगावरील शुभाशुभ लक्षणांचा केवढा विचार आपल्या पूर्वजांनी केला होता ते अशा ग्रंथांतून कळते. आजही देवमण असलेल्या किंवा पंचकल्याणी घोड्याला जत्रेत अधिक किंमत येते. ज्याची श्रद्धा असेल त्याने जरूर पाहावे. मात्र आपली श्रद्धा सौदागरास आधी कळू देऊ नये. खूर, श्वास आणि पाठ यांविषयी विचारले असता जो पुन्हा पुन्हा गळ्यावरच्या भोवऱ्याकडे बोट दाखवितो, त्याला खुराविषयी बोलावयाचे नाही एवढे ओळखावे.

हे सारे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर पापनाशमहून पश्चिमेस ईरोड जिल्ह्यातील अंतियूर गाठावे. गुरुनाथस्वामींच्या जत्रेत, आडी महिन्यात म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास, तेथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी आणि काठियावाडी घोडेही येतात. गाडी तंजावर, तिरुचिरापल्लीवरून ईरोडला जाते, पुढे बसने जावे लागते. जत्रा काही दिवस चालते. पहिल्या दिवशी एकही भाव विचारू नये, नुसते हिंडावे. कोणाच्या दावणीपाशी गेल्या वर्षीची गिऱ्हाइके पुन्हा येऊन बसतात, ते पाहून ठेवावे.