रुमालात बांधून ठेवलेलं

आजीची पेटी माझ्याकडे आली ती तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळूनच. नगरच्या आमच्या चर्चमध्ये कितीतरी वर्षं दर रविवारी आजीच ती पेटी वाजवायची. तिच्या शेजारी बसून मी आधी भाता मारायला शिकलो, मग पट्ट्यांवर बोटं ठेवायला. पंधराव्या वर्षी नाताळच्या उपासनेला तिनं मला आपल्या जागी बसवलं आणि दुसऱ्याच कडव्याला माझी बोटं चुकली. मंडळी गात राहिली, मी थांबलो. कुणी रागावलं नाही. पण त्यानंतर चर्चमध्ये पेटीला मी हात लावला नाही. तेवीस वर्षं. कुणी बोलवायला आलं की म्हणायचो, मला फारसं येत नाही. तो माझा नम्रपणा आहे, असं मला मनापासून वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात पेटी दुरुस्तीला नेली. कारागिरानं वरची फळी काढली, आत बॅटरी धरली. सुरांच्या पितळी जिभा हिरवट पडल्या होत्या, दोन तर धुळीनं जागच्या जागी बसल्या होत्या. भात्याच्या घड्यांत झुरळांची अंडी होती. चामडं इतकं कडक झालेलं की दाबलं तर कडाकडा वाजे. मी म्हटलं, "इतकी वर्षं वाजवलीच नाही हो, मग इतकी कशी खराब झाली?" मान वर न करता तो म्हणाला, "म्हणूनच झाली. वाजत्या पेटीत हवा खेळते, सूर मोकळे राहतात. बांधून ठेवली की बसली."

घरी येऊन मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढला. धनी परदेशी जाताना दासांकडे आपलं धन सोपवतो: एकाकडे पाच तालांत, एकाकडे दोन, एकाकडे एक, ज्याची जशी कुवत. एकवाला भिऊन आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो, आणि परत आलेला धनी त्याच्यावर चिडतो. तालांत हे वजन. चांदीचा एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळालं, त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती! आपण उगाच त्याला बिचारा समजतो. तालांत म्हणजेच इंग्रजीतला टॅलेंट. हा शब्द माणसाच्या अंगच्या गुणासाठी रूढ झाला, तोही याच गोष्टीवरून. लूकच्या शुभवर्तमानात अशाच एका दृष्टांतातला दास आपली मोहर जमिनीत पुरत नाही, रुमालात बांधून ठेवतो. तिथं मी थबकलो. आजीचं लुगडं खुर्चीवर पडलं होतं.

लहानपणी मला एका तालांतवाल्या दासाची कीव यायची. त्यानं चोरलं नाही, उधळलं नाही, दिलं तेवढं परत केलं. मग धनी एवढा का चिडला? आता वाटतं, दासाच्या बोलण्यातच उत्तर आहे. तो म्हणतो, मी भ्यालो, कारण तू कठोर आहेस हे मला ठाऊक होतं. त्याच्या मनातला धनीच चुकीचा होता. माझ्याही मनात पंधराव्या वर्षी असाच एक देव येऊन बसला होता, कडव्यातल्या चुका मोजणारा. त्याच्यासमोर कोण वाजवणार? पाच तालांतवाल्याला आणि दोनवाल्याला मात्र धनी एकसारखीच शाबासकी देतो. रकमेचा हिशेब त्या शाबासकीत नाहीच.

आमच्या गीतपुस्तकात रेव्हरंड टिळकांची गाणी आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना टिळकांनी आपली मराठी कविता चर्चच्या पायरीवर उतरवून ठेवली नाही. अभंग, भजन, कीर्तन सगळं ते आत घेऊन आले. पण मला जास्त ओढ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. कवी नवरा, स्वतःला शाळेचं शिक्षण असं नाहीच, आणि नवऱ्याच्या धर्मांतरानं आयुष्य उभं चिरलेलं. "मला कुठं येतं" म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांच्या आत्मचरित्राचा, 'स्मृतिचित्रे'चा, पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. त्या पुस्तकातली भाषा कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. माजघरात, प्रवासात, भांडणात आणि दुःखात बोलून बोलून ती मोकळी राहिलेली आहे. देवानं दिलेला कान आणि देवानं दिलेली जीभ बाईंनी कधी बांधून ठेवली नाही, एवढंच मला दिसतं, आणि ते वाचताना दरवेळी माझा गळा भरून येतो.

पेटी आता दिवाणखान्यात उघडी असते. पहाटे प्रार्थनेनंतर अर्धा तास बसतो. बोटं जड झाली आहेत. आजी झोपेतही वाजवेल अशी जागा मला आठवडाभर घोटावी लागते. कारागिरानं सगळं केलं, पण खर्जातला एक सूर अजून उशिरा बोलतो. आधी नुसती हवा येते, मग क्षणभरानं आवाज.

गेल्या रविवारी पाळकांना म्हटलं, "पुढच्या उपासनेला मी बसू का?" त्यांनी काही विचारलं नाही. फक्त गाण्यांचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिले. चार गाणी आहेत. तिसरं टिळकांचं, आणि त्यात तो खर्जातला सूर दोनदा येतो. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा फाडून घेतलाय. बसण्याआधी त्यानंच पट्ट्या पुसतो.